पोटाखालचा काटा

१

मे महिन्यात जळगावात अकराच्या आत जगाशी असलेले सगळे व्यवहार उरकून घ्यायचे आणि मग खिडक्या लावून, कूलरमध्ये पाणी भरून घरात बसायचं, ही जीवराम फेगड्यांची निवृत्तीनंतरची रीत होती. खिडक्या लावल्यावर ते गॅसची कळ तपासत. मग पुन्हा तपासत. तिसऱ्यांदा स्वयंपाकघराकडे निघाले की कुंदाबाई जागेवरूनच म्हणत, "बंद आहे. तुम्ही बघितलं, मी बघितलं, आता शेजाऱ्यांना बोलावू का?"

यात आपला दोष नाही, असं ते स्वतःची समजूत घालत. रेडिओलहरींवर डॉक्टरेट घेतलेला माणूस. आयुष्यातली एकतीस वर्षं मुंबईत विमानांच्या उपकरणांची दुरुस्ती करण्यात गेली. एकदा दिसलेलं खरं मानायचं नाही, हीच ज्याची रोजीरोटी, तो म्हातारपणी गॅसवर तरी विश्वास कसा ठेवणार? दुरुस्तीचा परवाना ते अजूनही दरवर्षी नवा करून घेत. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्र्याण्णव सालच्या मेमध्ये एका रविवारी सकाळी त्यांचा भाचा लीलाधर जीपमधून उतरला, तो काखेत गोणपाटात गुंडाळलेली लोखंडी पेटी घेऊनच.

"लोक मामीकडे येताना केळी आणतात," कुंदाबाई म्हणाल्या. "याने बघा काय आणलंय. फुटणार तर नाही ना रे?"

"फुटत नाही मामी, बोलते," लीलाधर म्हणाला. "आणि तेच दुखणं आहे."

लीलाधर हा जीवरामांच्या धाकट्या बहिणीचा, यशोदेचा मुलगा. यशोदा गेल्यावर तो मामा-मामींकडेच वाढला. त्याला विमानाचं वेड लावलं ते जीवरामांनी आणि वैमानिकाच्या शिक्षणाला पाठवलं तेही त्यांनीच, कुंदाबाई नको नको म्हणत असताना. आता तो धुळ्याच्या मोतीलालशेठचं विमान चालवत होता. शेठ कापसाचे मोठे व्यापारी. परदेशातून जुनं, नऊ जणांचं विमान त्यांनी आणलं आणि धुळ्याच्या पुढे, शिरपूर रस्त्यावर त्यांच्या जिनाला, सरकी काढायच्या कारखान्याला, लागून स्वतःची धावपट्टी करून घेतली. लीलाधर शेठला मुंबईला नेई आणि परत आणी. एवढीच नोकरी.

"तीनदा बोलली," तो म्हणाला. "तिन्ही वेळा आपल्याच पट्टीवर उतरताना. मुंबईला गप्प असते."

"काय बोलली?"

"तेच. टेरेन, टेरेन. मग ती कोल्हेकुई, आणि पुल अप."

जीवरामांनी पेटीवरचं गोणपाट बाजूला केलं. अशा किमान दोनशे पेट्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. हिचं काम एकच. विमान न कळत जमिनीकडे जात असेल तर ओरडायचं. विमानाच्या पोटाखालून एक रेडिओलहर खाली सोडलेली असते. ती जमिनीवर आपटून परत येते आणि यायला जेवढा वेळ लागतो त्यावरून जमीन किती फुटांवर आहे ते कळतं. ते दाखवायला वैमानिकासमोर एक काटा असतो. पेटी त्या काट्यावर नजर ठेवून बसलेली असते. आकडा फार भराभर उतरायला लागला की ती समजते, खालून डोंगर चढत येतोय. मग ती इंग्रजीत बोलते: जमीन, जमीन, वर घे.

"तिथे डोंगर कुठला आला?" जीवराम म्हणाले.

"तेच तर म्हणतोय, मामा. पाट्यासारखं सपाट रान आहे."

२

माडीवरच्या खोलीत त्यांचं टेबल होतं. दोन दिवस ते त्या पेटीशी झुंजले. तारा जोडून तिला खोटी उंची दिली, खोटी घसरण दिली. पेटी बोलायला हवी तिथे बोलली, गप्प बसायला हवी तिथे गप्प बसली. कुंदाबाई खालून म्हणाल्या, "त्या पेटीतल्या बाप्याला सांगा जरा हळू बोलायला. जोशीबाई विचारत होत्या कोण पाहुणे आलेत."

पेटी चांगली होती. त्यामुळे जीवरामांना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

खोट्या इशाऱ्याची कारणं त्यांना तोंडपाठ होती. खालून दुसरं विमान आडवं गेलं तर लहर त्यावर आपटते. जोडणीत ओल शिरली तर आकडे नाचतात. आणि तिसरं एक कारण असं होतं की ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं: वैमानिक नको तिथे नको तितका खाली उडत असतो, आणि खाली उतरल्यावर पेटीच्या नावाने बोंब मारतो. जीवरामांनी अशी माणसं पाहिली होती. चांगल्या घरची होती.

मंगळवारी लीलाधर पेटी न्यायला आला तेव्हा त्यांनी त्याला समोर बसवलं.

"तू कोणाला विमान दाखवायला जात होतास का? शिरपूरला ते कॉलेज आहे. गच्चीवर पोरी असतात."

"मामा, मी छत्तीस वर्षांचा आहे."

"म्हणून विचारतोय."

लीलाधर हसला. पण हसण्याच्या आधी त्याने क्षणभर दुसरीकडे पाहिलं, हे जीवरामांनी टिपलं. टिपलं, आणि लगेच स्वतःवरच संशय घेतला. पोरगा थकलेला असेल. उन्हाचा आलाय.

"चाकं खाली सोडली होतीस तेव्हा?"

"तिन्ही वेळा."

हे त्यांना आवडलं नाही. चाकं खाली सोडली की पेटी निम्मं दुर्लक्ष करते. तिला कळतं, आता जमीन यायचीच. तरीही ती ओरडली असेल, तर जमीन येण्याची जी काही रीत असते ती सोडून आली होती.

"आणखी काय दिसलं? नीट आठव."

लीलाधरने पाण्याचा पेला संपवला. "काही नाही. सावली जरा जास्त चांगली दिसली."

"म्हणजे?"

"दुपारचे बारा होते ना. सावली बरोबर खाली. तिसऱ्या वेळी बघितली, तर तिच्यात पंख्याचं गरगरणंसुद्धा दिसलं. पोटाखालची ती बोटभर दांडी आहे ना रेडिओची, ती पण."

"किती उंचीवर होतास?"

"सहाशे फूट."

त्या संध्याकाळी जीवरामांनी मुद्दाम कागदावर हिशेब केला. सूर्य म्हणजे टिंब नव्हे, थाळी आहे. त्यामुळे सावलीची कड उंचीबरोबर विरघळत जाते. सहाशे फुटांवरून पडलेल्या सावलीच्या कडेचा साडेपाच फूट धूर झालेला असतो. बोटभर दांडी त्यात दिसत नाही. दिसायची तर सावली फार तर पंधरा-वीस फुटांवर पडायला हवी.

पोरगा थापा मारतोय, असं त्यांनी ठरवलं. त्यांना त्या विचाराने हायसं वाटलं, याचीच त्यांना जास्त काळजी वाटली.

३

थाप पकडायला त्यांच्याकडे एक साधन होतं. कागदाच्या गुंडाळीवर शाईची रेघ ओढत जाणारं जुनं यंत्र, वर्कशॉपने भंगारात काढलेलं. विमान जळगावच्या विमानतळावर बोलावून ते त्यांनी त्यात बसवून दिलं आणि त्याच्या दोन तारा अशा जोडल्या की दोन्ही काट्यांची हालचाल कागदावर उतरावी. विमानात उंचीचे काटे दोन असतात. एक हवेच्या दाबावर चालतो, तो समुद्रापासूनची उंची सांगतो. दुसरा तो पोटाखालचा, जमिनीपासूनची सांगणारा. एकातून दुसरा वजा केला की उरते ती जमीन.

पुढच्या आठ दिवसांत लीलाधर त्या पट्टीवर तीनदा उतरला. तिन्ही गुंडाळ्या त्याने जीपवाल्याच्या हाती जळगावला पाठवल्या. जीवरामांनी जेवणाच्या टेबलावर आलेखाचे कागद पसरले आणि फूट फूट वजाबाकी करून जमीन काढली.

पहिल्या दिवशी पट्टीच्या पाच किलोमीटर अलीकडे जमिनीला फुगवटा होता. एकशेवीस फुटांचा. गुळगुळीत, पालथ्या परातीसारखा.

दुसऱ्या दिवशी तो तीन किलोमीटरवर होता. दोनशे फुटांचा.

तिसऱ्या दिवशी दीड किलोमीटरवर. तीनशेदहा.

सर्वेक्षणाचा नकाशा त्यांनी भिंगाखाली धरला. त्या सगळ्या पट्ट्यात उंचवट्याची एकही रेघ नव्हती. सातपुडा तिथून उत्तरेला, तापीच्या पलीकडे, कितीतरी लांब.

"काय निघालं?" कुंदाबाईंनी विचारलं. त्यांना टेबल हवं होतं.

"वजाबाकी चुकतेय माझी."

"बी.एस्सी.ला पहिले आलात ना तुम्ही?"

त्यांनी पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा. मग कागद उलटा ठेवून आठवेल तसे आकडे घेऊन केली. फुगवटा तसाच राहिला. कुंदाबाईंनी त्या दिवशी ओट्यावरच पानं वाढली.

४

मोतीलालशेठचा फोन आला. आवाज गोड होता. "डॉक्टरसाहेब, कॅप्टन म्हणतो तुमची सही झाल्याशिवाय उडता येत नाही. मला गुरुवारी मुंबईला जावंच लागेल. तुम्ही एकदा येऊन जा ना. गाडी पाठवतो."

नियमच होता तसा. वैमानिकाने विमानाच्या वहीत तक्रार लिहिली की तिच्यासमोर परवानेवाल्याने उत्तर लिहून सही करायची. उत्तर कोरं असेल तोवर विमान जागचं हलत नाही, आणि तिसऱ्या गुंडाळीनंतर लीलाधरने तशी तक्रार लिहिली होती.

मंगळवारी जीवराम तिथे पोचले. पट्टी म्हणजे कापसाच्या रानातून काढलेली डांबराची रेघ. एका टोकाला पत्र्याची शेड आणि त्यात विमान, बाजूला जिन. हंगाम संपलेला, त्यामुळे जिनाला कुलूप. लीलाधर जेवायला गेला होता. पट्टीचा राखणदार निंबा तेवढा बाभळीखाली बसलेला. पन्नाशीचा, पागोटं गुंडाळलेला, सावलीतही डोळे बारीक करून बघणारा.

जीवराम त्याला घेऊन दीड किलोमीटर रानात चालत गेले. पऱ्हाटी उपटून नेलेली, ढेकळं तापलेली. त्यांनी बरोबर गवंड्याची पाणसळ आणली होती. ती चार ठिकाणी जमिनीवर ठेवून त्यांनी बुडबुडा बघितला. बुडबुडा मधोमध.

"काय देखतस, आबा?" निंबा अहिराणीत म्हणाला. "बठ्ठं सपाट शे."

"इथे उंचवटा नव्हता ना कधी? टेकडी, बांध, काही?"

"नई. मी पंधरा वरीस पाहीन राखण करी राहिनू. आठे काहीच नई शे."

जवळच्या शेतात बाभळीला सात-आठ शेळ्या बांधल्या होत्या. बाभळीची सावली बुंध्याभोवती होती आणि शेळ्या तिच्या बाहेर, भर उन्हात, पोटं जमिनीला टेकवून बसल्या होत्या. मानासुद्धा मातीवर टाकलेल्या. जीवरामांनी घड्याळ बघितलं. बाराला पाच कमी होते.

"या अशा का बसल्यात?"

"ऊन शे ना."

"उन्हात सावली सोडून बसतात?"

निंबाही ढेकळांवर बसला होता, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. "दुपारले आठे कोन्ही उभं ऱ्हात नई," तो म्हणाला. "पोटमा खड्डा पडस."

"चक्कर. उन्हाने येते."

"हा. उन्हानीच," निंबा म्हणाला. तो इतक्या लगेच कबूल झाला की जीवरामांना त्याचाही संशय आला.

५

बुधवारी सकाळी त्यांना कारण सापडलं.

शेडमध्ये, विमानाच्या शेपटीकडच्या कप्प्यात, पेटीच्या मागच्या बाजूला जी तारांची जोडणी असते ती त्यांनी खोलली आणि एका पितळी टोचणीवर हिरवट ठिपका दिसला. मोहरीएवढा. गंज. ओल. आकडे नाचवायला तेवढं पुरतं.

त्यांनी तो लगेच लीलाधरला दाखवला.

"एवढंच?" लीलाधर म्हणाला. "मामा, आठ दिवस माझी झोप उडाली एवढ्यासाठी?"

"मुंबईहून नवी जोडणी मागव. तोवर पेटी बंद ठेव."

वैमानिकाच्या मागे विजेच्या छोट्या कळांची रांग असते. पेटीची कळ बाहेर ओढून जीवरामांनी तिच्या मानेत लाल प्लॅस्टिकचं कडं अडकवलं, म्हणजे चुकूनसुद्धा कोणी ती आत दाबू नये. आता पेटीला वीज नव्हती. मग वहीत तक्रारीसमोर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: जोडणीत ओल. इशारा खोटा. पेटी बंद ठेवून उड्डाणास हरकत नाही. खाली सही, परवान्याचा नंबर, तारीख.

लीलाधरने वाचलं आणि मोठ्याने हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "बरं झालं. मला वाटायला लागलं होतं, आपलंच डोकं फिरलं. उतरताना आता खाली बघायचंच नाही असं ठरवलं होतं मी."

"खाली बघायला काय झालं?"

"काही नाही. आता काही नाही."

दुपारी शेठच्या कामासाठी तो एकटाच विमान घेऊन मुंबईला गेला. गुरुवारी बाराला परत येणार होता आणि शेठना घेऊन पुन्हा जाणार होता. जीवरामांना गाडी मिळत होती, पण ते थांबले. आपल्या सहीचं विमान एकदा उतरताना बघावं आणि मग जावं. जिनाच्या पाहुण्यांच्या खोलीत त्यांनी बरी झोप काढली. गॅस नसल्याने तपासायलाही काही नव्हतं.

६

गुरुवारी नाश्त्यानंतर वेळ जात नव्हता म्हणून त्यांनी त्या तीन गुंडाळ्या पुन्हा पसरल्या. आता भीती नव्हती. गंजाने काढलेलं चित्र म्हणून ते ती रेघ कौतुकाने बघत होते. किती गुळगुळीत, किती एकसारखी.

गंजाची रेघ गुळगुळीत नसते.

हा विचार आला आणि त्याच्या मागोमाग दुसरा आला, जो कालच यायला हवा होता. रेघ ओढणाऱ्या यंत्राची तार त्यांनी स्वतः जोडली होती. कुठे? पोटाखालच्या काट्याच्या मुळाशीच. गंजलेली जोडणी त्याच्या पुढे, पेटीच्या पाठीला. जे यंत्राने लिहिलं ते त्या ठिपक्यातून गेलेलंच नव्हतं. ठिपका असता, नसता, रेघ हीच आली असती.

त्यांना कारण हवं होतं. त्यांनी ते शोधलं नव्हतं, निवडलं होतं.

पाच. तीन. दीड. त्यांनी पेन्सिलीने पुढचा आकडा लिहिला नाही. लिहायची गरज नव्हती.

सव्वाअकरा वाजले होते. जिनाच्या ऑफिसातून त्यांनी शेठच्या मुंबईच्या पेढीला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "कॅप्टनसाहेब विमानतळावर गेले, साहेब. अकराला उडणार होते. उडाले असतील की."

"निरोप देता येईल?"

"आता कुठे देणार? आता ते वर."

जीवरामांनी फोन ठेवला आणि पहिली गोष्ट केली ती अशी की खुर्चीत बसून स्वतःला विचारलं: तू म्हातारा झाला आहेस, हे तर नाही? जमीन चालत नाही. जमीन फुगत नाही. तू तीन कागदांवर विसंबून एका अनुभवी वैमानिकाला काय सांगणार आहेस? आणि उत्तर आलं, त्यांच्याच आवाजात: तू त्याचा इशारा बंद करून ठेवला आहेस. कडं अडकवून. बाकीचं नंतर बघ.

७

पट्टीच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत हातात धरायचा रेडिओ होता. बाराला दहा कमी असताना तो खरखरला आणि लीलाधरचा आवाज आला, तुटक तुटक. खोलीत नीट ऐकू येईना. जीवराम डोक्यावर उपरणं टाकून बाहेर निघाले आणि पट्टीच्या मधोमध येऊन उभे राहिले. तिथे आवाज स्वच्छ झाला. निंबा त्यांच्या मागे आला. वाटेत तो दोनदा म्हणाला, "आबा, आठे नका," पण ते थांबले नाहीत.

"लीलाधर, मी मामा बोलतोय. ऐक. इथे उतरू नकोस. जळगावला जा."

"का? काय झालं?"

"माझं उत्तर चुकलं. गंजाचा संबंध नव्हता. इशारा खरा होता."

रेडिओतून हसू ऐकू आलं, प्रेमळ. "मामा, तुम्ही गॅस तिसऱ्यांदा बघताय. मला पट्टी दिसतेय. सपाट आहे. तुम्ही पण दिसताय, पांढरं उपरणं. चाकं सोडतोय."

"पोटाखालचा काटा काय म्हणतो?"

"आठशे. सगळं ठीक आहे."

"वाचत राहा. मोठ्याने."

"सातशे. साडेसहाशे." तो अजून हसत होता. मुलं म्हाताऱ्यांचे हट्ट पुरवतात तसा.

विमानाचा आवाज दक्षिणेकडून आला. जीवरामांनी तिकडे पाहिलं. उन्हाच्या लाटांत ठिपका थरथरत होता. त्यांना तो जिथे दिसायला हवा होता तिथे दिसला नाही. मान वर करून शोधत होते. तो त्यांना समोर सापडला. नजरेच्या रेषेत.

त्यांनी नजर खाली वळवली, खरं तर निंबाला विचारायला. निंबा डांबरावर पालथा पडला होता. हाताचे तळवे पसरलेले, गाल डांबराला चिकटवलेला. एवढ्या तापलेल्या डांबराला.

"निंबा?"

"आबा, बशी जा," तो गाल न उचलता म्हणाला. "आजूबाजूले देखू नका."

पण त्यांनी बघितलं. डावीकडे जिन होतं. जिनाच्या छपरावर गंजलेले पत्रे होते आणि पत्र्यांवर दोन जुने टायर पडलेले होते, आणि टायरांच्या आत साठलेली माती त्यांना दिसत होती. छप्पर चाळीस फूट उंच. त्याच्या पलीकडे बाभळीचे शेंडे, वरून. त्याच्या पलीकडे तापी. पट्टीवरून तापी कधी दिसत नाही, खोल दरडींत वाहते. आता तिचे दोन्ही काठ दिसत होते, मधला वाळूचा पट्टा, पूल, पुलावरून सरकणारा ट्रक. डांबर मात्र त्यांच्या पायांखाली पाट्यासारखं सपाट होतं.

"पाचशे," रेडिओ म्हणाला. "तीनशे. मामा, हा एकदम... दीडशे."

"वर घे."

"पण मला दिसतंय ना समोर, पट्टी अजून..."

"डोळ्यांचं ऐकू नकोस. काट्याचं ऐक. वर घे, लीलाधर."

मग इंजिनांचा सूर बदलला आणि विमान नाक वर करून त्यांच्या अंगावरून गेलं. त्याची सावली पट्टीवरून सरकली. चाकं, दांड्या, पत्र्याचे जोड, सगळं सुरीने कापल्यासारखं रेखीव.

पोरगा वर गेला होता. एवढं झालं होतं.

"मामा." आता हसू नव्हतं. "मी चढतोय. पूर्ण जोर लावलाय."

"चढ."

"हवेचा काटा दीड हजार म्हणतो. सतराशे. दोन हजार."

"छान. चढत राहा."

"पोटाखालचा हलत नाही." त्याचा श्वास ऐकू येत होता. "विसालाच आहे. मी चढतोय, मामा, आणि तो विसालाच आहे. मी वळतोय तरी. खाली बघितलं तर तुमचं उपरणं दिसतंय. तुम्ही लहान होत नाही आहात."

जीवरामांनी वर पाहिलं. विमान त्यांच्या डोक्यावर घिरटी घेत होतं, अगदी जवळ, पोटावरचे रिव्हेट मोजता यावेत इतकं. मग त्यांनी, नको असताना, तापीकडे पाहिलं. पुलावरचा ट्रक आता दिसत नव्हता. पूल होता, काडीएवढा.

निंबा काहीतरी पुटपुटत होता. वारा सुटला होता आणि तो गार होता. मे महिन्यात, भर बाराला, खानदेशात गार.

त्यांनी रेडिओचं बटण दाबलं. आवाज शांत ठेवायला त्यांना बरेच कष्ट पडले.

"इथून लांब जा," ते म्हणाले. "जळगावकडे नाक कर, आणि चढत राहा. थांबू नकोस. खाली मी आहे की नाही ते बघू नकोस."

"मामा, पण तुम्ही..."

पुढचं त्यांना नीट ऐकू आलं नाही. रेडिओ चालू होता, लीलाधर बोलत होता, पण आवाज कापसातून आल्यासारखा बारीक झाला. जीवरामांनी आवंढा गिळला. पुन्हा गिळला. कानांना दडे बसले होते, घाट चढताना बसतात तसे, आणि ते सुटत नव्हते.